दादाचा चांगला हात

॥ श्री ॥
धसई, ता. मुरबाड
२१ ऑक्टोबर २०२४

चि. सकूस कुंडलिकदादाचे अ. उ. आ.

फोनवरच बोललो असतो, पण शेखर सारखा जवळ असतो. बाजारात दोनदा पिशवी विसरलो, तर पोराने मला थेट कल्याणला मेंदूच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंनी काही शब्द वाचून दाखवले आणि थोड्या वेळाने विचारले. बरेचसे सांगितले. मग भोकांची फळी पुढ्यात ठेवून म्हणाल्या, आधी चांगल्या हाताने खुंट्या बसवा. उजवा असा अडखळला की मलाच लाज वाटली.

घरी येताच शेखरने माझा विळा लपवला. भात पिवळं झालंय आणि मी ओटीवर! सकू, खरंच भीती वाटते गो. बाबांचंही असंच सुरू झालं होतं. सोमवारी परत बोलावलंय, म्हणून तेच शब्द घोकत बसलोय.

आठवण ठेव, मीही ठेवतोय.
तुझा दादा


शहापूर
२४ ऑक्टोबर २०२४

ती. दादास सकूचा शि. सा. न.

पत्र वाचून आधी रडले, मग हसले. उजवा हात तुझा चांगला कधीपासून झाला? बाईंनी कुठल्या हाताने जेवता, लिहिता विचारलं असणार आणि तू उजवा सांगितलास. अरे, जेवायला आईने चापट्या मारून शिकवलं, लिहायला गुरुजींनी छडीने. पण विळा, कोयता, गोफण सगळं डाव्यानेच! कापणीला तुला कायम कडेला उभं करायचे, नायतर शेजारच्याचे हात कापले जायचे. हे सगळं बाईंना सांग, लाजू नकोस.

आणि घोकंपट्टी सोड. नर्सिंग शिकणारी माझी नात मनस्वी म्हणते, दुसऱ्या खेपेला शब्द बदलतात.

वहिनींना नमस्कार. माया कमी करू नकोस.
तुझी सकू


धसई
२९ ऑक्टोबर २०२४

चि. सकूस अ. उ. आ.

तू म्हणालीस तसंच निघालं. बाई मनापासून हसल्या आणि कागदावरचं उजवा खोडून डावा लिहिलं. मग डाव्याने खुंट्या भराभर बसवल्या. शब्दही नवे होते. ते सांगून झाले, तरी राहवेना म्हणून जुनेही म्हणून दाखवले. बाई म्हणाल्या, वयाच्या मानाने उत्तम आहे, वर्षाने पुन्हा या.

मी शेखरवर रागावलो होतो. पण शेवटच्या दिवसांत बाबांनी त्याला, लाडक्या नातवाला, ओळखलं नव्हतं. ते पोराच्या मनात घर करून बसलंय, हे मला आता कळलं. आज सकाळी त्याने विळा आणून माझ्या डाव्या हातात दिला आणि पुढे निघाला. शेतावर पोचलो तर सगळे रांगेत उभे होते, आणि बांधाकडची कडेची जागा माझ्यासाठी मोकळी होती.

नव्या तांदळाची भाकरी खायला ये. लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझा दादा