आभार न मानलेलं भाषण

४ मे २०२५, भोर

‘पानशेतकाठच्या माझ्या शेतकरी बंधूंनो, गुरं पाण्यावर न्यायची तुमची वाट त्या क्लबच्या कुंपणानं गिळली!’ — अठरा तारखेच्या सभेची सुरुवात अशीच करायची. ठसका आहे.

७ मे

आनंदरावांचा फोन. सौदामिनीबाई वीस तारखेला नागपूरला मुलाकडे निघाल्या. कायमच्या. त्याआधी आम्हा जुन्या मित्रांनी एक दिवस पाण्याकाठी बसावं अशी त्यांची इच्छा. कुठं? त्याच क्लबात! त्यांच्या गुडघ्यांना झेपेल अशी बसायची सोय तिथंच आहे म्हणे. तिथं पाय ठेवणार नाही, असं मी भर सभेत सांगितलेलं.

‘येतो’ म्हणालो. एका दमात.

८ मे

तीस वर्षं व्याख्यानमालेत मी बोललो आणि बाईंनी आभार मानले. माझंच एखादं वाक्य उचलून त्या असं काही सांगायच्या, की ते मला तिथं पहिल्यांदा कळायचं. भाषण लिहिताना मनात एकच — यातलं कुठलं उचलतील?

माझी बायको जाऊन नऊ वर्षं झाली, त्यांचे यजमान जाऊन सहा. राहतात दोन गल्ल्या पलीकडे. इतक्या वर्षांत मला जे म्हणायचंय, ते एकदाही म्हटलेलं नाही.

११ मे

आमच्यातल्याच, विंझरच्या सावळारामची जीप. फाटकावर आमच्या मनगटांना कागदी पट्ट्या बांधल्या. सावळाराम म्हणाला, ‘सर, कुंपणाला शिव्या देनारा मानूस पट्टा बांधून आत निगाला.’ आनंदराव खोकेपर्यंत हसले.

धरणाच्या पाण्याला समुद्राची हौस! टेम्पोनं आणून ओतलेली वाळू, रंगीत छत्र्या, आरामखुर्च्या. बाईंनी चपला काढल्या, साडी जराशी उचलली आणि पावलं पाण्यात सोडली. मी बघत राहिलो.

आनंदराव आणि सावळाराम नावेतून फिरायला गेले. मुद्दाम गेले असावेत. छत्रीखाली आम्हीच दोघं. बाई पाण्याकडे बघत म्हणाल्या, ‘श्रीपादराव, मुलाला मी अजून नक्की असं कळवलेलं नाही.’

मी तोंड उघडलं. तेवढ्यात शेजारच्या छत्रीखालच्या पुण्याच्या गृहस्थांनी मला ओळखलं. कुंपणाचा वाद नेमका काय आहे, विचारलं.

आणि मी उभा राहिलो.

वीस मिनिटं बोललो! पाणी कुणाचं, वाट कुणाची. लोकांनी ताटल्या खाली ठेवून ऐकलं. त्याच क्लबात टाळ्या पडल्या! सवयीनं मागे वळलो, आभारासाठी — खुर्ची रिकामी. बाई जीपमध्ये जाऊन बसल्या होत्या.

परतताना सावळारामनं चिडवलं, ‘बाई, आज आबार न्हाई मानलं ते?’

‘आज मी भाषणाला आले नव्हते,’ बाई म्हणाल्या.

१३ मे

पत्र लिहायला बसलो. चार वेळा. प्रत्येक पत्रात ‘मुद्दा पहिला’ आलाच. फाडली.

१५ मे

त्यांच्या गल्लीतून दोनदा गेलो. खिडकी उघडी होती. आत कुकरची शिट्टी झाली. सरळ पुढं गेलो. भेकड!

१८ मे

सभा झाली. वाट मोकळी करा, असा ठराव झाला. त्यातला शब्द न् शब्द मला खरा वाटतो. आभार कुणीतरी मानले — ‘सरांनी वेळात वेळ काढून’ वगैरे. ऐकताना एवढंच कळलं, की मी इतकी वर्षं हजारांसमोर एकीशीच बोलत होतो.

१९ मे

सावळाराम येऊन गेला. चहासुद्धा घेतला नाही. ‘बाईंनी जीप उद्या सातला बोलावलीया. सरांना सांगू नको म्हनल्या. म्हनून सांगाया आलो.’

२० मे

पावणेसातला त्यांच्या दारात. हातात कागद नाही. सावळारामनं मला बघून इंजिन बंद केलं. बाई उंबऱ्यात थांबल्या. बोललो —

‘सौदामिनी, जाऊ नकोस.’