फोटोतल्या गाडीखालचे पाय

एकलहरे वसाहत, नाशिक
१३ मार्च २००५

तीर्थस्वरूप झुंबर दाजी यांस,

नवनाथचा मनापासून जयभीम. गोजराताईचा गुडघा आता जिना चढू देत असेल असे धरून चालतो. देवळ्यात यंदा ऊन लवकर आले असे ऐकतो, तेव्हा तिला दुपारी गच्चीवर जाऊ देऊ नये. तुमच्या जत्रेतल्या आकाशपाळण्याची चौथी पेटी फिरताना किरकिरते असे तुम्ही दिवाळीत लिहिले होते. दाजी, पेटी किरकिरत नाही, तिच्या वरचा दांडा किरकिरतो. मी पाळणा प्रत्यक्ष पाहिलेला नाही, परंतु ताईने पाठवलेल्या फोटोत ग्रीसचा डाग कुठे आहे आणि कुठे नाही हे स्पष्ट दिसते. दांडा काढून पाहावा.

फोन न करता पत्र का, असे तुम्ही विचाराल. फोनवर मी मुद्द्यावर येण्याच्या आत तुम्ही पाळण्यावर येता. शिवाय ही हकिकत क्रमाने सांगण्याची आहे. मोहिनीने (तुमच्या मेहुण्याच्या बायकोने, म्हणजे माझ्याच) ती ताईला फोनवर अर्धवट सांगितली असून त्यात तपशिलाच्या चुका आहेत. गाडी मी एकट्याने ढकलली नाही. आम्ही पाच जण होतो.

माझा जुन्या गाड्यांचा अभ्यास तुम्हाला ठाऊक आहे. वीजकेंद्रात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर नोकरी करून, देवळाली कॅम्पातल्या रद्दीवाल्याकडची इंग्रजी मासिके शब्दकोश मांडीवर घेऊन वाचत मी हे शास्त्र मिळवले, कोणाच्या हाताखाली शिकलो नाही. दिव्याचा आकार, जाळीच्या पट्ट्या, चाकावरची वाटी एवढे दिसले तरी मला पुरते. वसाहतीत कोणाच्याही घरी जुना फोटो निघाला की तो माझ्याकडे येतो. शेजारच्या मनोजच्या आईवडिलांच्या लग्नातली गाडी मी मागच्या एका दिव्यावरून लँडमास्टर म्हणून ओळखली. (त्या फोटोत नवरानवरीही होते, हे मला नंतर सांगण्यात आले.) मला गाडी चालवता येत नाही, हे मोहिनी लोकांना न विचारता सांगते. गाडी चालवणे आणि गाडी ओळखणे ही दोन निरनिराळी शास्त्रे आहेत. मी लुना चालवतो आणि ती मला पुरेशी आहे.

आता भागुआत्याकडे येतो. आत्याच्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली तिच्या मालकांचा, आपल्या पुंजाराम मामांचा, एकच फोटो आहे, तो तुम्ही पाहिलेला आहे. तिरकी उभी असलेली मोटार, पुढच्या खिडकीत मामा, डोक्याला फेटा, हात खिडकीच्या कडेवर, नजर थेट आपल्याकडे. मागची खिडकी रिकामी. मामा जन्मभर रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते, त्यांना मोटार कुठून मिळाली, हा प्रश्न आपल्या घरात कोणी विचारला नव्हता. मी तो हाती घेतला. भिंग घेऊन बसलो. बॉनेटवर पुढून मागे गेलेल्या दोन लांब पन्हळी दिसल्या आणि माझे काम झाले. अशा पन्हळी एकाच कंपनीच्या गाडीला असत. व्हॉक्सॉल टेन, सन १९३८. नंबर १२३४ होता. असा नंबर वशिल्याशिवाय मिळत नाही, तेव्हा मालक मोठा अधिकारी असणार आणि मामा काही काळ त्याच्याकडे चालक असणार, असा निष्कर्ष निघाला. गाडीच्या खाली, दोन चाकांच्या मध्ये, दोन अनवाणी पाय दिसत होते. तो मेकॅनिक असावा असे मी ठरवले. जुन्या गाडीखाली कोणी ना कोणी असायचाच.

हे सर्व मी सुवाच्य अक्षरात एका पट्टीवर लिहून चौकटीखाली डकवले: 'व्हॉक्सॉल टेन, १९३८. चालक: पुंजाराम. खाली: मेकॅनिक (नाव उपलब्ध नाही).' आत्याला वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवले. ती पदराने काच पुसत म्हणाली, "व्हय का. लय हुशार झालास रे नवनाथ." त्यानंतर घरी येणारा प्रत्येक जण ती पट्टी मोठ्याने वाचायचा आणि आत्या मान हलवायची. तिने एकदाही हरकत घेतली नाही, ही गोष्ट कृपया लक्षात ठेवावी.

डिसेंबरात डॉक्टरांनी तिच्या हृदयाचे सांगितले ते तुम्हाला कळवले होते. ऑपरेशन या वयात करत नाहीत. जपायचे, एवढेच. ती स्वतः म्हणते, हा उन्हाळा निघाला तर निघाला. तिला काही हवे-नको विचारावे म्हणून मी गेलो. लुगडे नको, कुठे देवदर्शनाला तर तिला जायचेच नसते. भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाली, "एक ऱ्हायलं बघ. त्या गाडीत बसायचं ऱ्हायलं माझं."

दाजी, माणूस विद्या मिळवतो ती अशा वेळेसाठी. मी तिला शब्द दिला. दुसऱ्या कोणाला हे काम सांगितले असते तर त्याने कुठलीही जुनी फियाट आणून उभी केली असती. मी मात्र व्हॉक्सॉल टेनच शोधायला निघालो. पट्ट्यावरची पाळी संपली की लुना काढायची, कोणाच्या गॅरेजमध्ये काय झाकून ठेवले आहे त्याचा माग घ्यायचा, असे चालले. ओझरला एकाने ताडपत्री काढून दाखवली, खाली मळणीयंत्र निघाले. सिन्नरला व्हॉक्सॉल आहे म्हणून कळले, ती हिलमन निघाली. मालक ती व्हॉक्सॉल म्हणूनच सांभाळत होता. मी त्याला खरे सांगितले. त्याने चहा सांगितला होता, तो आला नाही.

अखेर फेब्रुवारीत गोल्फ क्लब मैदानावर जुन्या गाड्यांचा मेळावा भरायचा होता, त्याच्या यादीत गाडी सापडली. व्हॉक्सॉल टेन, काळी, १९३८ चीच. मालक कॅम्पातले, दाताचे निवृत्त डॉक्टर, फार सभ्य गृहस्थ. आदल्या आठवड्यात त्यांना भेटून मी सर्व सांगितले होते. म्हाताऱ्या बाईची इच्छा म्हटल्यावर ते लगेच तयार झाले. मेळाव्याच्या सकाळी मी चौकटीसह फोटो नेला, खातरजमेसाठी. त्यांनी चष्मा वर करून फोटो डोळ्यांजवळ धरला. मग विचारले, "हे पाय कोणाचे?" मी म्हटले, मेकॅनिकचे. "अनवाणी?" मी म्हटले, त्या काळी असत. फोटो माझ्याकडे देताना त्यांनी माझा खांदा थोपटला. तो कौतुकाने थोपटला असे मी त्या वेळी समजलो.

आत्याला आम्ही रिक्षाने आणले होते. पांढरे लुगडे, निळ्या काठाचे. सोबत मोहिनी, पाण्याची बाटली, जिभेखाली ठेवायची गोळी. मी गाडीचा दरवाजा उघडून बाजूला उभा राहिलो. आत्याने गाडीकडे पुढून पाहिले, मागून पाहिले. "ही कुणाची?" म्हणाली. मी म्हटले, "आत्या, तीच. मामांची. म्हणजे त्याच जातीची." ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग पदर सावरून आत बसली. मला वाटले, तिला भरून आले.

मेळाव्याची फेरी निघाली. आमची गाडी मैदानाच्या फाटकातून बाहेर आली आणि बंद पडली. (कारण: पेट्रोलच्या नळीत कचरा. मी तसे लगेच म्हटले होते. डॉक्टर आधी बॅटरी पाहत बसले.) मागच्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या, लोक जमले, वाहतूक पोलीस आला. शेवटी ठरले की त्र्यंबक नाक्यापर्यंत ढकलायची. डॉक्टर स्टिअरिंगवर, आत्या मागच्या सीटवर, आणि मी, पोलीस, दोन प्रेक्षक आणि एक उसाच्या रसाचा गाडीवाला मागे. इतकी वर्षे ज्या गाडीचा मी अभ्यास केला, तिला त्या दिवशी प्रथमच हात लावला, आणि तोही मागून. माझी जागा डाव्या कोपऱ्याला होती. खिडकीची काच खाली होती, तेव्हा आत्याचा आवाज मला नीट येत होता. मोहिनी शेजारून पाण्याची बाटली घेऊन चालत होती.

आत्या म्हणाली, "नवनाथ, दमला का रे?"

मी म्हटले, नाही.

"तुझ्या मामाच्या गाडीला ढकलावं नाय लागलं कधी. ती हालायचीच नाय."

मी विचारले, का, इंजिन नव्हते? (मी हे गंभीरपणे विचारले.)

"फळीची गाडी ती. तिला कुठलं इंजान?"

मोहिनी थांबली. मी थांबू शकत नव्हतो, पोलीस शेजारी होता. ढकलता ढकलता जे ऐकले ते असे. लग्नाच्या पहिल्या वर्षी, पौषात, मामा आणि आत्या त्र्यंबकच्या जत्रेला गेले होते. तिथे फोटोवाल्याने फळ्या जोडून त्यावर मोटार रंगवली होती, खिडक्या कापलेल्या. मागे उभे राहायचे, तोंड खिडकीतून दाखवायचे. बॉनेटवरच्या दोन पन्हळी म्हणजे फळ्यांचे सांधे होते. आणि पाय मामांचे होते.

"मोटारीत चढायचं म्हणून वहाणा काढल्या त्यांनी," आत्या म्हणाली. "माझ्या हातात दिल्या. फोटूवाला हसला, म्हनला, अहो ऱ्हाऊ द्या पायात. तर नाय. म्हनले, दुसऱ्याची गाडी हाय, मळंल. मागच्या खिडकीत मला बोलवत व्हते. सासू समोर उभी, धोंडाबाई. तिच्या देखत नवऱ्याशेजारी मोटारीत बसायची लाज वाटली मला. वहाणा धरून तशीच उभी ऱ्हायले फोटूच्या भायेर. रस्ताभर गप्प व्हते मग ते."

दाजी, नाका यायला अजून थोडे अंतर होते. मी एवढेच विचारले की, आत्या, मी पट्टी वाचून दाखवली तेव्हा तू बोलली का नाहीस. मी जगाला सांगत सुटलो होतो. तिला माझ्या प्रश्नाचे खरोखर नवल वाटले. "मला वाटलं, रंगाऱ्यानं कोणती गाडी काढली ती तू वळखलीस. ती पट्टी मला आवडायची."

मोहिनीने पदर तोंडाला लावला. ती रडत होती की हसत होती हे मी अद्याप विचारलेले नाही. तिने एवढेच म्हटले, "आणि तो मेकॅनिक हो?" तो प्रश्न ती तेव्हापासून दर जेवणाला विचारते.

नाक्यावर गाडी सुरू झाली. डॉक्टरांनी आत्याला शरणपूर रोडने मोठी फेरी मारून आणली. उतरल्यावर मी विचारले, कशी आहे गाडी. ती म्हणाली, "ब्येस हाय. गाद्या मऊ हायेत." मग माझ्या हातातली चौकट घेऊन तिने काच पुसली आणि रिकाम्या खिडकीवर बोट ठेवले. "पर मला हितं बसायचं व्हतं."

हकिकत एवढीच. पट्टी मी काढलेली नाही, तपशिलात दुरुस्ती केली आहे. आत्याची तब्येत जशी होती तशी आहे, पायऱ्या चढताना आता थांबावे लागते. ताईला सांगावे की काळजी करू नये. तुमच्या घरातल्या सर्वांना आणि पाळण्याला माझा जयभीम.

आपला,
नवनाथ

ता. क. पत्राचे मूळ कारण लिहायचे राहिले. तुम्ही चैत्रात देवीच्या गडावरच्या जत्रेला पाळणा लावणारच. तिथे रंगवलेल्या मोटारीचा फोटोवाला अजून येतो का, हे आठवड्याच्या आत कळवावे. हल्ली हे लोक कमी झाले आहेत असे ऐकतो, म्हणून गडावर नसेल तर तुमच्या ओळखीच्या पाळणेवाल्यांना विचारून जिथे असेल तिथले नाव कळवावे. मोटार दोन खिडक्यांची हवी. विमान चालणार नाही. आत्याला घेऊन आम्ही येऊ. मामांची चौकट बरोबर आणू, ती पुढच्या खिडकीत आणि आत्या मागच्या खिडकीत. तिच्याने फार वेळ उभे राहवणार नाही, म्हणून फळीमागे स्टूल लागेल. तुमच्या तिकिटाच्या खोलीतले उंच स्टूल चालेल, मी फोटोत पाहिले आहे.

ता. क. दुसरे. त्र्यंबकच्या त्या रंगाऱ्याने समोर व्हॉक्सॉल ठेवूनच चित्र काढले असले पाहिजे. दिवे आणि चाकावरची वाटी तंतोतंत तीच आहे. तेव्हा माझी ओळख चुकली असे कोणी म्हणत असल्यास (मोहिनीचा फोन येईलच) ते पूर्ण खरे नाही. गडावरची गाडी कोणत्या जातीची आहे हे मात्र तुम्ही ठरवू नये. मी येऊन पाहीन.

ता. क. तिसरे. मामांची चौकट खिडकीत कोणीतरी मागून धरून उभे राहावे लागेल. तो मी. वहाणा काढून उभा राहीन. फोटोत गाडीखाली दोन पाय दिसतील, ते कोणाचे असे ताईने विचारले तर मेकॅनिकचे म्हणून सांगावे.