भोपळ्याला पहिली सुरी

२ ऑक्टो., गुरुवार
दहा पौंडांचा भोपळा गाडीतून ओट्यापर्यंत एकटीने आणला. कंबर बोलतेय. १८ला गल्लीचं फॉल पॉटलक, प्रत्येकाने घरून एक पदार्थ न्यायचा, आणि मी हौसेने नाव दिलंय: पम्पकिन स्पाइसचे गोड रोल, चोवीस, घरी केलेले. डब्यातला तयार गर मिळतो, पण मग ‘घरचे’ कोणत्या तोंडाने म्हणायचं?
समीर पुण्यात. सासऱ्यांच्या ऑपरेशनसाठी गेला, ते नीट पार पडलं. आता व्हिसाचं स्टॅम्पिंग उरकून येतो म्हणाला. सोमवारी मुलाखत, शनिवारचं परतीचं तिकीट. (यापुढे नुसतं स. लिहीन. हातही दुखतोय.)

५ ऑक्टो., रविवार
सकाळी व्हिडिओ कॉलवर सासूबाई. ओट्यावरचा भोपळा दिसला तशा म्हणाल्या, “अगं, अख्खा भोपळा बाईने आधी चिरू नये. थोरल्या मुलासारखा असतो तो. पुरुषाच्या हातून सुरी लावून घे, मग काप.”
दरवर्षी हे काम स.चं. एकदा सुरी टोचतो, “घ्या, माझं झालं” म्हणतो आणि पुढचा तासभर मी घाम गाळते. इथे परदेशात, नेपरव्हिलमध्ये आता दुसरा पुरुष कुठून आणू? शेजारी एक म्हातारबाबा आहेत, त्यांना काय सांगू? या काका, आमच्या भोपळ्याला टोचा? मी हसले आणि चालवली सुरी. सासूबाई बघतच होत्या. मग म्हणाल्या, “बरं. झालं ते झालं.” लगेच फोन ठेवला.

६ ऑक्टो., सोमवार
उठले तर स.चा मेसेज. व्हिसा दिला नाही. नाकारलाही नाही. हातात चिठ्ठी: अधिक चौकशी बाकी. किती दिवस? सांगत नाहीत. कुणाकुणाचे महिने गेलेत.
माझा कामाचा परवानाही त्याच्याच व्हिसाला बांधलेला. साडेनऊच्या मीटिंगमध्ये एक शब्द कानात शिरला नाही.
भोपळ्याचा याच्याशी काही संबंध नाही. लिहून ठेवते, म्हणजे उद्या पुन्हा विचार करायला नको.

९ ऑक्टो., गुरुवार
शनिवारचं तिकीट कॅन्सल केलं.
रोलची पहिली खेप वाया. हाताला घारग्यांची सवय, भोपळा झाकण ठेवून उकडला. पाणी सुटलं आणि यीस्टचं पीठ लापशीसारखं झालं. ओव्हनमध्ये भाजून कोरडा करायचा असतो, रेसिपीत चक्क लिहिलंय. सगळं कचऱ्यात.
सासूबाईंना सांगितलं. एरवी म्हणाल्या असत्या, “सरळ घारगेच कर की.” आज फक्त “हं”. स. कधी निघणार हेही विचारलं नाही. रोज विचारायच्या.

१३ ऑक्टो., सोमवार
स.च्या मॅनेजरने कळवलं: तिथून काम करता येणार नाही. महिनाअखेरपर्यंत वाट बघू, मग ठरवू.
स. म्हणाला, “होईल गं.” थोड्या वेळाने पुन्हा, “होईल.” फोन ठेवताना परत. खात्री असलेला माणूस एकदाच म्हणतो.
आमची रेवा ऐकत होती. सात वर्षांची आहे, पण कान तीक्ष्ण. “इज बाबा स्टक?”
“नाही गं. थांबलाय.”
“दॅट्स द सेम थिंग.”

१५ ऑक्टो., बुधवार
घराच्या लीजचा, भाडेकराराचा कागद आलाय. पुढच्या वर्षासाठी सही हवी. फ्रिजवर लावला. मग काढून ड्रॉवरमध्ये. येता-जाता दिसत होता.
मला भीती वाटते. दुसरं काही नाही, नुसती भीती.

१७ ऑक्टो., शुक्रवार
अर्धा दिवस सुट्टी टाकली. फ्रीझरमधला उरलेला भोपळा भाजून घेतला. दालचिनी, सुंठ, लवंग, जायफळ. एवढ्याशा बाटलीवर ‘पम्पकिन स्पाइस’ लिहून विकतात, आपल्या डब्यात तर आधीपासून आहे. घर गार, पीठ फुगेना. ओव्हनचा फक्त दिवा लावून आत ठेवलं तेव्हा कुठे फुगलं. चोवीस रोल, आणि आमच्यापुरते सहा. मऊ झालेत. घरभर दिवाळीसारखा वास, आणि मला त्या वासाने रडू आलं.

१८ ऑक्टो., शनिवार
पॉटलकमध्ये रोल अर्ध्या तासात संपले. म्हातारबाबांनी दोन खाल्ले. “नेक्स्ट इयर अगेन?”
“शुअर,” म्हटलं. रिकामा ट्रे उचलला.

१९ ऑक्टो., रविवार
सकाळी रेवा उरलेला रोल खात होती. मधेच विचारलं, “आजीकडे ओव्हन आहे?”
“नाही. का गं?”
“देन हाऊ विल यू मेक दीज?”
“आपण काय तिकडे राहायला चाललोय?” मी हसत म्हटलं.
तिने रोल खाली ठेवला. बोटं पुसत बसली. “बाबा सेड नॉट टू टेल यू येट. ही वेन्ट टू सी माय न्यू स्कूल.”
मी उठले. तिचं दूध गरम करायला ठेवलं. तेवढ्यात स.चा नेहमीचा फोन.
“रोल आवडले का लोकांना?”
“हो.”
“आणि? बाकी काय?”
“बाकी तू सांग.”
त्याच्या मागे पुण्याच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. इकडे दूध उतू गेलं. फोन दोघांनीही ठेवला नाही.