जिल्ह्यातल्या पहिल्या महिला संघाचा ट्रेनर

३ नोव्हेंबर १९७०, मंगळवार
पेपरात बातमी. जर्मन फुटबॉल महासंघाने बायकांच्या खेळण्यावरची बंदी उठवली. पंधरा वर्षांनी! वाचताना अंगावर काटा आला. हातात वस्तरा होता, त्यामुळे पोस्टमास्तरांच्या गालावरही काहीतरी आलं. तुरटी लावली.
जिल्ह्यातला पहिला महिला संघ आणि त्याचा पहिला ट्रेनर गेरोल्ड टीमान! हा विक्रम कोणाचा बाप मोडू शकणार नाही. पुरुषांच्या दुसऱ्या संघावरून मला काढलं ते लागोपाठ अकरा पराभवांनंतर. तोही विक्रमच होता, पण गावाला कदर नाही.
बायकोला, इर्मगार्डला, सांगितलं. ती बटाटे सोलत होती. आपल्या मापाचे बूट मिळतील का, एवढंच विचारलं. मी हसलो. म्हटलं, तू हाफटाइमचा चहा बघ.

१० नोव्हेंबर, मंगळवार
दुकानात आरशाशेजारी नोटीस लावली. क्लबचे अध्यक्ष ल्युकेमायर दाढीला आले, म्हणाले, खेळू देत, पण पुरुषांच्या न्हाणीघरात पाय ठेवायचा नाही. संध्याकाळपर्यंत तेरा नावं! इर्मगार्डने पेन्सिल मागून चौदावं स्वतःचं घातलं.
पलीकडच्या हासेलफेल्ड गावाने आपल्याआधी चार दिवस नोंदणी केली, असं कळलं. ठीक. टेकडीच्या या बाजूचा पहिला संघ आपलाच.
संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठून धावणे. ट्रेनरला पोट शोभत नाही.

११ नोव्हेंबर
पाऊस. धावणे सोमवारपासून.

७ मार्च १९७१, रविवार
हिवाळ्याची सक्तीची सुट्टी संपली (पोट जैसे थे). आज पहिला सराव. फळ्यावर बाण काढून डावपेच समजावले, एक तास चाळीस मिनिटं. बायका थंडीने निळ्या पडल्या होत्या, पण नजरेत आदर होता. पोस्टवाली एल्फ्रीडे, आमची गोलकीपर, तिने विचारलं, ‘टीमानसाहेब, आज चेंडू येणार आहे का?’
चेंडू घरी राहिला होता. इर्मगार्ड सायकलवर घेऊन आली आणि फाटकातूनच तिने तो लाथाडला. माझ्या डोक्यावरून थेट पलीकडच्या जाळीत. वारा फार होता.

१८ एप्रिल, रविवार
पहिला सामना, हासेलफेल्डशी. ०–९.
विचार केला तर यश आहे. बायकांचा सामना साठ मिनिटांचा असतो. नव्वद मिनिटांचा असता तर साडेतेरा झाले असते. म्हणजे साडेचार गोल आपण वाचवले. शिवाय पहिला गोल चाळिसाव्या सेकंदाला खाल्ला. इतक्या लवकर गोल खाल्लेला संघ जिल्ह्यात दुसरा नसणार. नोंद करून ठेवली.
इर्मगार्ड साठही मिनिटं बाकावर. चहा छान झाला होता.

२ मे, रविवार
०–७. दोन गोलांची सुधारणा! आलेख काढून दुकानात लावला. याच गतीने तीन सामन्यांनंतर ०–१, मग थेट विजय. गिऱ्हाइकं आलेखासमोर बराच वेळ उभी राहतात. खोकतात.
इर्मगार्ड म्हणाली, ‘गेरोल्ड, मला घे.’ मी समजावलं की संघनिवडीत नातंगोतं चालत नाही. तेव्हापासून जेवायला थंड सॉसेज.

९ मे, रविवार
मातृदिन. तिघींच्या घरी सासवा केक खायला आल्या, सुटका नाही. उरल्या अकरा, इर्मगार्ड धरून. नाइलाजाने तिला डाव्या कोपऱ्यात मागे उभं केलं, तिकडे चेंडू सहसा जात नाही.
विसाव्या मिनिटाला ०–१. मी पंचाला त्याच्या चष्म्याबद्दल प्रामाणिक मत सांगितलं. त्याने मला मैदानाबाहेर काढलं, नुसतं रेषेबाहेर नाही, फाटकाबाहेर. कुंपण उंच. काही दिसेना.
मग एक आरडाओरडा. पुन्हा एक. तिसरा तर इतका मोठा की शेजारच्या गाई पळाल्या. एल्फ्रीडेच्या नवऱ्याला कुंपणावरून विचारलं. तो नाचतच ओरडला, ‘अहो, तुमच्या बायकोने तीन घातले! कोपरा सोडून पुढे गेली ती!’
३–१! पहिला विजय! मी रस्त्यात एकट्याने उड्या मारल्या. ट्रेनरने योग्य क्षणी दूर होऊन संघाला मोकळं करायचं असतं. हा डावपेच जर्मनीत आजवर कोणी वापरला नसावा.

१५ मे, शनिवार
क्लबच्या गुत्त्यात संघाची सभा. वाटलं, सत्कार. नवा टाय घातला.
एल्फ्रीडे उठली. ‘टीमानसाहेब, तुम्ही नोटीस लावलीत म्हणून आम्ही इथे आहोत. ते विसरणार नाही. पण आता पुरे.’ मग मतदान. मला काढण्याच्या बाजूने चौदा, विरुद्ध शून्य. इतक्या मोठ्या फरकाने हा संघ पहिल्यांदाच जिंकला.
चौदावा हात इर्मगार्डचा.
घरी आलो. दाराशी विचारलं, तूसुद्धा? ती म्हणाली, ‘अरे, तू फाटकाबाहेर होतास तेव्हा मला पहिल्यांदा ऐकू आलं, मैत्रिणी काय ओरडतायत ते.’ मग तिने गरम सूप वाढलं. दोनदा.
संकल्प: मैदानावर पुन्हा पाऊल ठेवणार नाही.

२३ मे, रविवार
गेलो. हासेलफेल्डशी परतीचा सामना, त्यांच्या गावात. दोरीमागे उभा राहिलो, टोपी खाली ओढून. ४–२ जिंकलो. जिंकल्या. इर्मगार्डचे दोन. दुसरा तिने पळत्या पायाने असा मारला की माझ्या तोंडून किंकाळी निघाली आणि टोपी कुठे गेली कळलंच नाही.
शेजारी एक अनोळखी म्हातारा. म्हणाला, ‘ती नऊ नंबरवाली काय खेळते हो! ओळखता?’
म्हटलं, ‘माझी बायको.’
‘अरे वा! शिकवलं कोणी?’
मी तोंड उघडलं. मग म्हटलं, ‘कोणीच नाही.’
‘आधी म्हणे एक ट्रेनर होता त्यांचा,’ म्हातारा म्हणाला. ‘गाढव होता अगदी.’
म्हटलं, ‘मीही तसंच ऐकलंय.’