देवाचं कुत्रं आणि आमचं दार

अणदूर,
२९ डिसेंबर १९५८

सौ. महानंदाअक्कास,

बब्रुवानचा नमस्कार. आई बरी, मी बरा, दोन्ही मांजरं बरी. दाजींना नमस्कार. बाळाचं नाव काय ठेवलंत ते तू लिहिलंच नाहीस, रागावलीस एवढंच लिहिलंस.

बारशाला आम्ही दोघंही आलो नाही, त्याचं कारण विचारतेस. कारण कुत्रं. हसू नको.

शेजारचा पानवाला महालिंगप्पा. गेल्या साली त्याच्या घरच्या सिद्धम्माकाकू तापातून उठल्या, तेव्हा त्यानं नवस फेडायला खंडोबाच्या नावानं कुत्रं सोडलं. त्याच्या कपाळाला भंडारा लावतो, नावही भंडारीच. देवाचं म्हणून त्याला दोरी नाही, काठी नाही. असं मोकळं जनावर सगळं गाव सोडून आमच्याच उंबऱ्याला आडवं पडतं.

बाबा गेल्यावर आईनं दोन मांजरं पाळली. गवळण पांढरी, सारखी दुधावर टपलेली. कोतवाल काळा, त्याचा नुसता रुबाब. दसऱ्याला मी दोन दिवस म्हणून घरी आलो आणि त्याच आठवड्यात भंडारीनं कोतवालाचा कान फाडला. तेव्हापासून मांजरं उतरंडीवरून खाली येत नाहीत. मांजरांना सोडून आई घराबाहेर पडत नाही. आईला सोडून मी नाही. कुलूप कुठंच नाही आणि सगळे आत.

तुला ठाऊक आहे, माझा पाय घरात ठरत नाही. सादिकच्या लॉरीवर क्लीनर होतो तेव्हा रोज वेगळं पाणी प्यायचो. हैदराबादेला इराण्याच्या हॉटेलात आरसे इतके, की चहा पिताना आपणच आपल्याकडं बघत बसतो. एकदा तर मी समोरच्याला सलाम केला आणि तो मीच निघालो. असो, कुत्र्याचं सांगत होतो.

काठी चालत नाही म्हणून मी एकदा त्याच्यावर घागरभर पाणी ओतलं. महालिंगप्पा दुकानातून म्हणतो, "बबरू, देवाच्या कुत्र्याला आंघोळ घातलीस. पुण्य लागलं बघ तुला." मग भाकरी दाखवून त्याला वेशीकडं न्यायला गेलो, तर त्यानं भाकरीकडं बघितलंसुद्धा नाही. पोट टम्म. सिद्धम्माकाकूंना विचारलं, "काय खायला घालता हो याला?" त्या म्हणाल्या, "आमच्या घरात ते तोंड लावत न्हाय रे. कुणाचं खातंय देव जाणे."

तेव्हा माझ्या डोक्यात काही आलं नाही. आई दोन माणसांसाठी भाकरीची चवड थापते आणि दुपारी टोपली रिकामी, तेही दिसत होतं. मला वाटलं मीच जास्त खातो.

सादिकचा निरोप येत होता. रस्त्यावरून जाताना फाट्याला तो हॉर्न वाजवतो, लांब एक आणि तोकडे दोन. मागच्या वेळी येतोस का म्हणून गाडीतूनच ओरडला, "आता क्या रे? नै तो दूसरा क्लीनर लेतूं." मी म्हटलं, देव नळदुर्गला गेला की येतो.

कारण तोवर मला युक्ती सुचली होती. आपला देव वर्षातले थोडे दिवस नळदुर्गला राहतो, बाकी अणदूरला. दोन्ही गावं बसून करार करतात, तंटा नाही. मी महालिंगप्पाला म्हटलं, "काका, देव तिकडं चालला, मग देवाचं कुत्रं इथं काय करतंय?" पानाला चुना लावायचा त्याचा हात थांबला. म्हणाला, "तुला शाळेत नापास कुणी केलं रे?" दुकानावर बसलेल्या माणसांसमोर आमचाही करार झाला. देव तिकडं, तोवर भंडारी तिकडं. पुजारी त्याला खायला घालतील.

घरी येऊन आईला सांगितलं. ती चुलीत लाकूड सारत राहिली.

पालखी निघाली आणि महालिंगप्पा भंडारीला घेऊन तिच्यामागं गेला. दुसऱ्या सकाळी उंबरा मोकळा. मी गाठोडं बांधलं. आईच्या पाया पडायला म्हणून परसात गेलो, तर ती मागल्या दारात पाठमोरी उभी. हातात दूध-भाकरीचा काला. रिकाम्या बोळाकडं बघून हलकेच हाक मारत होती, "यू, यू, भंडाऱ्या, ये रं."

मी तसाच मागं सरलो. तिनं मला बघितलं नाही.

अक्का, मला राग आला. कोतवालाचा कान, गवळणीचे ते उतरंडीवरचे दिवस, माझे दिवस. हे सगळं ती रोज सकाळी कालवून त्याच्यापुढं ठेवत होती. एकदासुद्धा "राहा" म्हणाली नाही. त्या वेळीही म्हणाली नाही. पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "जा की, गाडी चुकंल. आता कुत्रं न्हाय."

मी गेलो. सादिक सोलापूरकडं चालला होता. वारा तोंडावर आला तसं बरं वाटलं, गाणंसुद्धा म्हटलं. नळदुर्ग आलं. देवळाच्या बाजूला वळायचं तिथं मी म्हटलं, "रोक." सादिकनं शिवी दिली, गाठोडं खाली टाकलं आणि गेला.

भंडारी पायऱ्यांवर पडला होता. मी हाक मारली नाही. नुसता समोर उभा राहिलो. तो उठला आणि मागं यायला लागला. अणदूरपर्यंत आम्ही चालत आलो. वाटेत त्यानं दोन ससे उठवले, एक पळता पळता थांबून माझ्याकडंच बघत होता, पण ते राहू दे.

वेशीत त्याला पुढं जाऊ दिलं. दुकानावर गलका. "अरे, यानं करार मोडला की!" मागून मी पोचलो. म्हटलं, "काका, त्याला करार कुणी वाचून दाखवला होता?" मी वाटेतून परत का आलो म्हणाले, तर सांगितलं, लॉरी बिघडली.

आई दारात होती. "आलं का मुडदं परत?"

"आलं."

"म्हंजी तुझं जाणं..."

"कसं जाऊ? मांजरं हायत ना."

ती आत गेली आणि परातीत पीठ घेतलं. जास्तच घेतलं. उतरंडीवरून गवळणीनं माझ्याकडं बघितलं. तिच्याकडं मला बघवेना. तिनं काय केलं होतं?

आज दुपारी पुन्हा हॉर्न वाजला, लांब एक आणि तोकडे दोन. सवयीनं वाजवला असेल, गाडीवर आता दुसरं पोरगं आहे. मी उठलो नाही. भाकरी थापणारा आईचा हात मात्र थांबला, आवाज पार विरेपर्यंत.

हे दाजींना वाचून दाखवू नको. आईला तर नाहीच. ते आपल्या पायानं आलं असंच तिला वाटतंय, आणि त्याला कोण जेवू घालतं हे मला माहीत नाही, असंही.

आम्हाला येता यायचं नाही, बाळाला घेऊन तूच ये. दारात कुत्रं आडवं असेल. घाबरू नको, आईनं हाक मारली की उठतं.

तुझा, उंबऱ्याच्या आतला,
बब्रुवान