विचारलं की सांगणारं मशीन

आप्पा, आज डॉक्टरांनी तुमच्याबद्दल विचारलं आणि मला धड एक वाक्य सांगता आलं नाही. "वडील कशानं गेले? आधी काय त्रास व्हायचा? छातीत दुखायचं, का खांद्यात? किती महिने?" काय सांगणार, कप्पाळ! तुम्ही कधी कुणाला सांगितलंत का? माझा डावा खांदा दुखतोय, जिना चढताना तर जास्तच, आणि हे घराण्यातलं आहे का ते डॉक्टरांना कळायला हवंय. ज्याला माहीत होतं तो माणूस "काय न्हाई, काय न्हाई" करत निघून गेला. इतका राग आलाय तुमचा की घरी आल्या आल्या लिहायलाच बसले.

मी घोटावड्याच्या कंपनीत टेस्टिंगला आहे, हे तुम्ही पाहिलं नाहीत. पंपाच्या स्टार्टरमध्ये बसणाऱ्या सर्किटांना वीज द्यायची आणि चालतात का बघायचं. ती वीज देणाऱ्या पॉवर सप्लायला आता हात लावावा लागत नाही. कॉम्प्युटरवरून एकेक ओळीचा हुकूम सोडायचा: इतके व्होल्ट दे, करंट एवढ्यावर जाऊ देऊ नको, आता आउटपुट चालू कर. ते मुकाट ऐकतं. पण एखादा हुकूम जमला नाही तरी ते मुकाटच! परवा नेमकं तेच झालं. चोवीस व्होल्ट मागायच्या आधी त्याला जास्त व्होल्टची वरची रेंज लावायला सांगावी लागते, ती ओळ माझ्याकडून राहिली. त्यानं चोवीस नाकारले आणि आधीचेच बारा देत बसलं. सकाळपासून चांगली सर्किटं नापास होतायत आणि मी ती जोडणाऱ्या सोल्डरिंगच्या बायकांवर डाफरतेय. जवळच्या चांदे गावाहून येणारी एक जण शेवटी चिडलीच, "मॅडम, आमच्यावर का वरडताय? आमी काय आज आलोय व्हय हितं?"

मग मी मशीनला विचारलं. याच्या भाषेत ओळीच्या शेवटी प्रश्नचिन्ह दिलं की ते उत्तर देतं. नुसतं 'एरर?' म्हटलं, तर लगेच पडद्यावर आलं, आकडा मर्यादेबाहेर. पुन्हा विचारलं, पुढची चूक. जुनी आधी, नवी नंतर, पोटात एकही न ठेवता, 'एरर नाही' येईपर्यंत. मला तिथंच रडू फुटलं. बायकांना वाटलं, तोंडघशी पडली म्हणून रडतेय. मी त्यांची माफी मागितली, चहा पाजला, आणि खरं कारण काही सांगितलं नाही.

तुम्हाला काय कमी विचारलं होतं हो? स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात तुम्ही बसलाय, पुढ्यात कासार आंबोलीहून दुरुस्तीला आलेली पाण्याची मोटार. तिच्याशी लाडात बोलताय, "बोल की गं बाय, कुटं दुखतंय तुला?" मधेच पाना खाली ठेवून डावा खांदा दाबताय. आई भाकरी थापता थापता विचारते, "काय हुतंय?" "काय न्हाई." मी म्हणते, "आप्पा, दवाखान्यात जाऊ या का?" "काय न्हाई गं, वाईच आखडलंय. तू अभ्यास कर." मी पुन्हा विचारलं तर खेकसलात, "एकदा सांगितलेलं कळत न्हाई व्हय?" दुसऱ्या दिवशी मोटार पाणी ओढायला लागली. त्याच आठवड्यात तुम्ही गेलात. सगळा गाव म्हणाला, अचानक गेले. अचानक कसले, आप्पा? आम्ही विचारत होतो की! मशीन गप्प बसतं ते कुणी विचारत नाही म्हणून. तुमचं काय होतं? आम्ही घाबरू म्हणून? खर्च होईल म्हणून? का नुसताच ताठा? आजवर मला कळलेलं नाही, आणि आज तर ते फार हवं होतं.

असो. हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार, घडी करून इथंच ठेवते. उद्या तपासण्या आहेत, माझी पोरगी रजा काढून येणार आहे सोबत. आजही आली होती, शेजारच्याच खुर्चीत बसली होती. डॉक्टरांनी शेवटी विचारलं, "कधीपासून दुखतंय?" तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "विशेष काही नाही, परवापासून."

आप्पा, दिवाळीपासून दुखतंय.