शेवटची जागा

कागदावर दगड ठेव, वारा आहे, असे माझ्याबरोबर डोंगर चढणाऱ्या मघोईला सांगून मी टेबल पायऱ्यांच्या खाली, अंगणात आणवले. घरात उजेड कमी आहे. शिवाय मास्तर म्वांदाविरो कुंपणाच्या आत येत नाहीत, आणि मी लिहिताना जे मोठ्याने वाचणार आहे ते त्यांना ऐकू गेले पाहिजे.

मी वाकेशो म्वादिमे, निवृत्त परिचारिका, राहणार वुंडान्यीच्या वरच्या अंगाला, व्हुरिया डोंगराच्या पायथ्याशी. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही. दोन्ही गोष्टी डॉक्टर किसोंबे यांनी तपासल्या आहेत आणि ते समोर बसले आहेत. मला कोणी धमकावलेले किंवा भुलवलेले नाही. माझ्यामागे माझ्या वस्तूंचे काय व्हावे ते असे :

घर आणि उतारावरची जमीन भाची म्कावासी हिची. निलगिरी तोडाव्यात, त्या फार पाणी पितात. फाटकाजवळचे अवोकाडोचे झाड ठेवावे. शनिवारची मंडळी त्याखाली जमतात.

बँकेतली शिल्लक मोंबासाच्या म्वाकियोची. तो माझ्या बहिणीचा मुलगा. दर फोनला त्याने मला सांगितले, "मावशी, या वयात डोंगर कशाला? अंगणात चाला." पैसे त्याला दिले आहेत. अंगण म्कावासीला.

डोंगरावर घालायचे माझे बूट भावजयीच्या पायाला नेमके बसतात. ते तिला देऊ नयेत. आम्हाला ती बाजारात 'वेड्या म्हाताऱ्यांची वरात' म्हणाली होती. नंतर तिचेही गुडघे धरले. एखाद्या शनिवारी ती चालायला आली, तर त्या दिवसापुरते द्यावेत.

मला चर्चच्या आवारात पुरावे. आजोबांसारखी माझी कवटी पुढे उकरून कड्याखालच्या गुहेत नेऊन ठेवू नये. तिथून काय दिसते ते मी पुष्कळदा पाहिले आहे.

आता शनिवारच्या आमच्या डोंगरावरच्या चालीविषयी.

रक्तदाब मोजायचे यंत्र, पावसाचे डगले आणि रसाचा तुंबा मघोईकडे जाईल. यापुढे चाल तिची. मघोईचा गुडघा सर्वांत वाईट आहे, म्हणून ती सर्वांच्या पुढे चालते. जो सर्वांत सावकाश चालतो तो पुढे, आणि त्याला कोणी ओलांडायचे नाही. चालता चालता गप्पा थांबल्या, तर वेग जास्त झाला असे समजावे आणि बसावे. साखरेचा आजार असलेल्याने उपाशी निघू नये, खिशात गूळ ठेवावा. माथ्यावरच्या मनोऱ्याखाली धुके उतरले की परत फिरावे, कोणी कितीही तोंड वाकडे केले तरी. माथा जवळ आला असे खोटे सांगू नये. उतरल्यावर डोकी मोजावीत आणि मगच म्वाचोफीच्या टपरीवर चहाला जावे.

निघण्याआधी कुटासा झाला पाहिजे. तुंब्यातला उसाचा रस तोंडात घ्यायचा, कोणावर राग असेल तर तो मनातून सोडायचा आणि रस फुंकारून जमिनीवर टाकायचा. आमच्या आज्या हे घरात आजारपण आले की करीत. मी ते डोंगरासाठी घेतले. रागावलेला माणूस पाय कुठे पडतो ते पाहत नाही. जो फुंकारत नाही तो आमच्याबरोबर चालत नाही.

मास्तर म्वांदाविरो यांनी रस गिळला होता.

झाले होते असे. एका पावसाळी सकाळी मास्तर चार धडधाकट माणसे घेऊन पुढे गेले आणि मघोई धुक्यात मागे राहिली. दुपारी ती झाडाला टेकून बसलेली सापडली. कोणाला तरी ऐकू यावे म्हणून चर्चमधली गाणी म्हणत होती. मी मास्तरांना सर्वांसमोर बोलले. त्या सर्वांत त्यांचे जुने विद्यार्थी होते. मास्तर म्हणाले, "हा डोंगर आहे की मयत, एवढं हळू चालायला?" पुढच्या शनिवारी तुंबा त्यांच्याकडे गेला. त्यांनी घोट घेतला, माझ्याकडे पाहिले आणि गिळला.

तेव्हापासून ते आमच्या मागून चालतात. हाक मारली तर ऐकू येईल इतके लांब. विचारले तर म्हणतात, "रस्ता सरकारचा आहे." मघोईचा पडलेला चष्मा परतताना फाटकाला अडकवलेला मिळाला. माझी टोपीही तशीच मिळाली. मास्तरांना साखरेचा आजार आहे. आम्ही डोकी मोजतो तेव्हा ते मोजणीत नसतात. मागे ते कुठे कोसळले, तर आम्ही टपरीवर चहा पीत असू.

म्हणून माझी शिट्टी आणि दोर मास्तर म्वांदाविरो यांना. त्यांबरोबर रांगेतली शेवटची जागा. मागचा माणूस शिट्टी वाजवील तेव्हा पुढच्याने थांबायचे. हे कलम माझ्या मरणासाठी थांबणार नाही. मला चढ आजपासून बंद झाला आहे आणि शनिवार उद्या आहे. कुटाशाचा नियम मास्तरांसाठी सैल करू नये. त्या जागी दुसऱ्या कोणाला नेमू नये. ती जागा रिकामी असेल, तर चाल निघू नये.

हे मी वाचले तेव्हा मघोई म्हणाली, "म्हणजे आमचा शनिवार आता मास्तरांच्या तोंडात?"

"हो."

"अहो मास्तर, ऐकलंत का? आत या की, कुंपण काय चावतंय?"

कुंपणापलीकडून मास्तर म्हणाले, "सिस्टर, मला तुमची दया नको."

"दया नाही, काम आहे. दोर जड आहे."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मंडळी घरी बसतील. मघोईचा गुडघा आखडेल. डॉक्टर तिला गोळ्या देतील."

"मी देणार नाही," डॉक्टर म्हणाले. "मी चालायला सांगेन."

मास्तर म्हणाले, "मरता मरतासुद्धा वर्ग घेताय."

"तुम्ही शिकवायचं सोडलंत. कोणीतरी घ्यायलाच हवा."

मघोई हसली. मास्तर हसले नाहीत. दोर आणि शिट्टी मी फाटकाच्या खांबाला अडकवून ठेवायला सांगितले. हे लिहीपर्यंत ती तिथेच आहेत.

कायद्याप्रमाणे साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये. म्हणून मघोईची सही घेतलेली नाही. म्वाचोफीला काही देत नाही. त्याने आमच्या चहात पाणी घालून आपला वाटा केव्हाच घेतला आहे. हे वाक्य त्याने सहीपूर्वी वाचले आहे.

वरचे सर्व मी माझ्या हाताने लिहिले, मोठ्याने वाचले आणि खालील दोघांच्या देखत सही केली.

वाकेशो म्वादिमे

साक्षीदार :
डॉ. किसोंबे
म्वाचोफी, चहाची टपरी (पाणी घालत नाही)

वुंडान्यी, शुक्रवार, १२ जुलै २०१९

मागच्या बाजूला, सिस्टरच्या सांगण्यावरून, म्वाचोफीची नोंद :

शनिवारी सकाळी धुके मनोऱ्याच्या वर होते. मंडळी अवोकाडोखाली जमली. सिस्टर पायरीवर बसल्या होत्या. दोर खांबाला तसाच होता. मास्तर आले आणि फाटकाबाहेर उभे राहिले. मघोई तुंबा घेऊन त्यांच्यापाशी गेली. त्यांनी घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात धरला. मग त्यांनी फुंकारले. थोडा रस मघोईच्या बुटांवर उडाला. त्यांनी दोर खांद्यावर घेतला, शिट्टी गळ्यात घातली आणि सर्व पुढे जाईपर्यंत थांबले. दुपारी टपरीसमोर मघोईने डोकी मोजली. सिस्टरना वगळून तिने धरलेल्या आकड्यापेक्षा एक जास्त भरले. तिने पुन्हा मोजले, आणि मी चहा ओतला.